देवीच्या नावाआधीचा श्वास

हैबतरावांनी कौस्तुभच्या खांद्यावरून हात घालून स्पीकरचं बटण स्वतःच पिरगाळलं. भूगावच्या त्याच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत देवीचं गाणं दणाणलं.

"आता कसं! भावकीतल्या नथूचं गाणं मोबाइलवर असंच वाजतंय. माणच्या यात्रेत त्येच्याखाली आमचं कुणाला ऐकू यायचं न्हाई."

"काका, हे बटण फक्त इथल्या स्पीकरचं. आणि गाण्याचाच आवाज चढवला तरी मोबाइलवरचं गाण्यांचं अ‍ॅप सगळी गाणी एका पातळीला आणतं. जास्त चढवलेलं उलट खाली ओढतं."

"वढू द्या. तुमी चढवा."

कौस्तुभनं चढवलं. या माणसाशी वाद कोण घालणार!

गाणं हैबतरावांच्या सुनेनं, साधनानं म्हटलं होतं. ती दाराशी चपलांजवळ उभी होती. खुर्ची रिकामी होती, पण बस म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. मागच्या दिवाळीपासून तिला माहेरी धाडलं नव्हतं आणि तिकडे आई अंथरुणाला खिळलेली. गाणं आईचंच. देवीच्या नावाआधी भरून श्वास घ्यायची ढबही आईचीच. आधी देवीला कळू दे कुणी हाक मारतंय, मग नाव घे, असं ती शिकवायची. गाणं आलं की भाऊ मोबाइल आईच्या कानाशी धरणार होता.

चढवल्यावर तो श्वास खोलीभर ऐकू आला.

"ही म्हशीवानी धापा का टाकतीया?"

"आवाज चढवला की बारीकसारीक सगळंच वर येतं," कौस्तुभ म्हणाला.

"काढून टाका."

"मामंजी, तेवढं ऱ्हाऊ द्या," साधना पहिल्यांदाच बोलली. "आई त्येच्यावरनंच वळखंल मला."

"काढा म्हनलं न्हवं?"

कौस्तुभनं एकेक श्वास कापला. मग अ‍ॅपच्या पातळीला आणून नथूचं गाणं आणि हे, अशी दोन्ही पाठोपाठ लावली. आवाजात तसूभरही फरक नव्हता. हैबतरावांचं तोंड उतरलं.

"बघा, उगाच चढवलं," कौस्तुभला धीर आला. "पहिलंच ठेवू या. त्यात वहिनींचे श्वास आहेत."

साधनानं चटकन मान वर केली. हैबतरावांनी ते पाहिलं.

"न्हाई. ह्येच जाऊ द्या."

"मामंजी, ह्यात मी श्वासच घेत न्हाई."

"मग घरी जाऊन घे," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसले. कौस्तुभही हसला. गिऱ्हाईक हसलं की हसायची त्याला सवय होती.

साधना खाली वाकली आणि सासऱ्यांच्या चपला सरळ करून ठेवू लागली.