चौथ्या आवृत्तीचा प्लग

कंपनीत तिला सगळे नकारघंटा म्हणत, तेही अगदी तोंडावर. तिचं कामच तसलं. दादानं आणि त्याच्या माणसांनी लिहिलेला डेटाबेस तपासायचा. तिनं 'सोडा' म्हटल्याशिवाय तो बाहेर जायचा नाही. सख्ख्या धाकट्या बहिणीला असं काम देणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं, पण दादानं तो हौसेनं पाडून घेतला होता.

डेटाबेस काही वाईट नव्हता हो. माहिती तक्त्यांत ठेवायची, तक्त्यांची एकमेकांशी नाती लावून द्यायची आणि लावलेलं नातं कुणाला मोडू द्यायचं नाही. रक्तपेढीचंच घ्या, रक्ताची पिशवी एका तक्त्यात, रुग्ण दुसऱ्यात. रुग्णाचं नाव नसेल तर पिशवी जागची हलणार नाही. काम होईल तर पुरतं होईल, नाहीतर मुळीच नाही. सांगायला सगळं कसं छान! नशीब तेवढं फुटकं. पहिली आवृत्ती गाजली. दुसरी इतकी मंद निघाली की गिऱ्हाइकांनी आपणहून पहिली परत बसवली. तिसरी बाहेर पडली आणि लगेच तोंड लपवून परत आली, कारण वीज गेली की तिच्या नोंदी अर्ध्याच उरायच्या. चौथीच्या तारखा तर इतक्यांदा पुढे गेल्या की लोक तिला 'येतेय येतेय' म्हणू लागले.

तिसरीनं हात पोळल्यावर दादानं एक रीत पाडली. आवृत्ती सोडण्याआधी सगळ्यांनी यंत्राच्या खोलीत जमायचं. नोंदी धडाधड लिहिल्या जात असताना नकारघंटेनं भिंतीतला प्लग ओढायचा. मग यंत्र पुन्हा सुरू करून बघायचं, काही अर्धवट राहिलंय का.

आज चौथीची पाळी होती, आणि ती जाणार होती वहिनीच्या रक्तपेढीत. वहिनी तिथे तंत्रज्ञ. नवऱ्याच्या कामासाठी तिनं वरिष्ठांपाशी शब्द टाकला होता. पण त्याआधी नणंदेच्या देखत नवऱ्याला बजावलंही होतं, "तारीख चुकली तर चुकू दे, मी बोलणी खाईन. पण तिसरीच्या वेळी सगळं ठाऊक असून तू गप्प बसलास. पुन्हा तसं केलंस ना, तर या घरात मी राहणार नाही." वहिनी उगाच बोलणाऱ्यातली नव्हे. दादा ताटाकडे बघत राहिला होता.

नकारघंटेनं प्लग ओढला. पंखे गप्प झाले, पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केल्यावर सगळ्या नोंदी जिथल्या तिथे! टाळ्या पडल्या, कुणीतरी शिटी मारली आणि मंडळी चहाला पांगली. खोलीत भाऊ-बहीण उरले.

तिनं मात्र 'सोडा' म्हटलं नव्हतं. प्लग ओढून हातात आला तरी, नोंदी जिच्यावर लिहिल्या जात त्या डिस्कच्या पेटीवरचा हिरवा दिवा जळत होता, तो तिच्या डोळ्यांसमोरून जाईना.

"दादा, पेटीला बॅटरी आहे."

"असू दे."

त्यानं पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथेच ती काय ते समजली. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसं तिसरीनंतर दादानंच ती पेटी आणली होती. म्हणजे प्लग ओढल्यावरही डिस्क बॅटरीवर लिहीत राहायची, अर्धी नोंद गुपचूप पुरी करायची, आणि बाहेर हे सगळे टाळ्या पिटायचे. आजची परीक्षा खरी नव्हतीच.

"तुला माहीत होतं?"

"परवा लक्षात आलं. अगं, रक्तपेढीतही बॅटऱ्या आहेत की!"

"त्या बंद पडल्या तर? आपण छातीठोक सांगितलंय, वीज कधीही जाऊ दे."

तिनं बॅटरीची तार काढली, नोंदी चालू केल्या आणि पुन्हा प्लग ओढला. या खेपेला हिरवा दिवा विझला. यंत्र परत उभं राहिलं तेव्हा पडद्यावर एक पिशवी बाहेर गेलेली होती. कुणाला गेली, ती जागा कोरी. तिला रडू आलं. चार वर्षं ती या आवृत्तीच्या मागे होती, तिलाही ती सुटायला हवी होती.

तेवढ्यात दादाच्या मोबाइलवर वहिनीचा फोन. दादानं तो तिच्याकडे सरकवला. तिनं तो स्पीकरवर टाकला आणि म्हटलं, "वहिनी, मी बोलतेय."

"सुटली का गं?"

"नाही वहिनी. वीज गेली तर पिशवी कुणाला दिली ते पुसलं जाईल."

"अरे देवा! बरं, सांगते वरिष्ठांना. जीव तर नाही ना घेणार माझा." आणि मग, "एक सांग. हे पकडलं कुणी? तू की त्यानं?"

नापासाला पास तिनं जन्मात म्हटलं नव्हतं.

"दादानं," ती म्हणाली.

पलीकडे वहिनीचा आवाज ओला झाला. "खरंच? आणि मी मेली सकाळपासून त्याच्याबद्दल नाही नाही ते मनात आणत होते. माफी मागते म्हणावं."

दादानं हात पुढे केला, फोन घेतला आणि स्पीकर बंद करून कानाला लावला.

"ती खोटं बोलतेय," तो म्हणाला. "तिनं पकडलं. मला परवापासून माहीत होतं."

नकारघंटा उठली. चहावाल्या मंडळींना 'नाही' सांगायचं राहिलं होतं. दार ओढून घेताना वहिनी काय म्हणतेय ते कळलं नाही. दादा तेवढा पुन्हा पुन्हा "हो" म्हणत होता.