भाता

कमलाबाईंनी पिशवी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. खाटेवरच्या गंगाधरांची छाती वर आली, खाली गेली. दुपारी लाइट गेली तेव्हा श्वासाचं यंत्र काही वेळ इन्व्हर्टरवर चाललं. मग इन्व्हर्टरनेही मान टाकली आणि गंगाधरांच्या गळ्यातल्या नळीला ही रबरी पिशवी लावावी लागली. गुढियारीच्या या वस्तीत लाइट कधी येईल हे विचारण्यात अर्थ नव्हता. मुलगा शेखर तरीही फोनवर विचारत होता.

"फॉल्ट शोधून राहिले म्हणे." त्याने फोन ठेवला. "आई, दे मले. थकली असशील."

"राहू दे. भात्यावर हात बदलला का ताल बिघडते."

दवाखान्यात या पिशवीला अंबू बॅग म्हणत. गळ्याला छेद देण्याआधी, आवाज होता तेव्हा, गंगाधरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हा तं भाता आहे." घरात तेच नाव रुळलं. शेखर राज्याच्या नव्या राजधानीत, मंत्रालयात नोकरीला होता. तो एकटाच अंबू बॅग म्हणत राहिला. लोहाराच्या मुलाच्या जिभेला भाता जड जात असावा. पण दोष त्याचा तरी कसा? आज जिथे त्याची मोटरसायकल उभी असते तिथे गंगाधरांची भट्टी होती. रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या हमालांचे पोती ओढायचे आकडे तिथे घडत. कमलाबाई भाता ओढत, गंगाधर घण घालत, आणि शेखर जवळ आला की त्याला पुस्तकाकडे हाकलत.

"खरंच असाच असते काय भाता?" शेखरने विचारलं.

"असाच. लोखंड आगीत आहे तोवर थांबाचं नाही. हात गळून पडला तरी."

"मग थांबाचं कधी?"

"तुह्या बाबाचा हातोडा सांगे. रिकाम्या ऐरणीवर दोन ठोके. मंग एक बी जास्त ओढाचं नाही, लोखंड जळते." कमलाबाईंच्या आवाजात थोडा तोरा आला. "मी कधीच नाही ओढलं."

गंगाधर डोळे उघडे ठेवून ऐकत होते. त्यांचा उजवा हात खाटेच्या लोखंडी पट्टीवर होता. बोटात त्यांनी स्वतः घडवलेली लोखंडी अंगठी होती. ते बोट हळूहळू दोनदा वर उचललं गेलं आणि पट्टीवर पडलं.

टक. टक.

कमलाबाईंचा ताल एकदा चुकला. शेखर त्यांच्याकडे पाहत राहिला.

"पाणी मागून राहिले," त्या म्हणाल्या. "आन जरा."

गळ्यात नळी बसल्यापासून गंगाधरांच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता. हे दोघांनाही ठाऊक होतं. शेखर उठला, स्वयंपाकघरात गेला, पेला भरला आणि तिथेच उभा राहिला. त्याला रडू आवरेना. बाहेरच्या खोलीतून आईचा दबका आवाज येत होता.

"तुमचा एक ठोका मोडला नाही मी. आज मोडून राहिली. राग आला तं येऊ द्या."

शेखर परत आला तेव्हा कमलाबाई पिशवी दोन्ही हातांनी दाबत होत्या. त्याने पेला खिडकीत ठेवला आणि आईजवळ बसला.

"भाता दे," तो म्हणाला.

त्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली. आधी त्याची घाई झाली, मग ताल जमला. गंगाधर मुलाच्या हातांकडे बघत होते.

टक. टक.

शेखरचे हात थबकले. त्याने आईकडे पाहिलं. कमलाबाईंनी आपला तळवा पुढे सरकवला आणि अंगठी व पट्टी यांच्यामध्ये घातला. बोट पुन्हा उचललं गेलं, तळव्यावर पडलं. या वेळी आवाज झाला नाही.

"ओढ," त्या म्हणाल्या.