मधला आवाज

“उतरलोच की पुन्हा!” मास्तरांनी ऑर्गनची पट्टी बोटाने दाबून धरली. सातही गळे खाली आणि ऑर्गन जवळजवळ अर्धा सूर वर. सगळ्यांच्या नजरा सवयीने खर्ज गाणाऱ्या बेकरीवाल्याकडे वळल्या.

“माझ्याकडे काय बघता? या गाण्यापायी सिगरेट सोडली मी!”

“आता पाव खायचा सोडा,” ताई म्हणाल्या. सगळे हसले. ताईही हसल्या, पण बेकरीवाल्याची नजर चुकवून.

ताई इस्पितळात एक्स-रे काढत. दिवसभर लोकांना “श्वास घ्या, धरा, सोडा” म्हणायचं आणि संध्याकाळी या चर्चच्या मागच्या खोलीत स्वतः तेच करायचं, यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. इथल्या मंडळींना खूळ एकच. युरोपातल्या रेनेसान्स काळातली, आता कुणाच्या गावीही नसलेली गाणी शोधायची आणि गायची. सातजणांचे सूर वेगवेगळे, आणि हाताने ताल देणारं कुणी नाही. गोलात उभं राहायचं नि एकमेकांच्या श्वासावर सुरुवात करायची. ताईंचा आवाज मधला. मधल्या आवाजाला ऐकणारे कधी विचारत नाहीत, पण वरचे आणि खालचे दोघेही त्याच्याच आधाराने चालतात.

हे नवं गाणं तर चारशे वर्षं कपाटात पडून होतं. आधी नुसते गळे आणि शेवटच्या कडव्याला ऑर्गन. तिथेच दर वेळी पितळ उघडं पडायचं.

त्याच आठवड्यात, इस्पितळात शेजारच्या खोलीत कान तपासणाऱ्या मैत्रिणीने ताईंना गंमत म्हणून यंत्रापुढे बसवलं होतं. तपासता तपासता तिची गंमत संपली. “अगं, उजवा कान बराच गेलाय तुझा. कळलं कसं नाही तुला?”

ताईंनी ते घरीही सांगितलं नाही आणि मास्तरांनाही नाही. गाणं सुटलं तर आपल्यापाशी उरेल काय, या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी चर्च भरलं. पहिल्या रांगेत ताईंचे यजमान इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. ताई गोलात उभ्या राहिल्या. सगळ्यांबरोबर श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि आवाज काढलाच नाही. सूर आपल्यामुळेच उतरतो का, याचा एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

शेजारच्या मुलीने चमकून पाहिलं. क्षणभर सूर डगमगले. मग मधला आधार नाही म्हटल्यावर त्या सहांनी एकमेकांना धरलं. ताई नुसते ओठ हलवत राहिल्या.

बावीस वर्षं त्या या आवाजांच्या मधोमध उभ्या होत्या, पण स्वतःचा आवाज वजा करून त्यांनी ते कधी ऐकलेच नव्हते. एक सूर निघे, दुसरा त्याच्या खांद्यावर चढे, तोवर तिसरा खालून वर येई. भिंती, छत, माणसं, सगळं त्यात भरून गेलं. हे कुणीतरी माणसानेच रचलं? आणि ते कपाटात पडून होतं? ताईंच्या अंगावर सरसरून काटा आला. लहान मुलासारखं तोंड उघडं टाकून त्या ऐकत राहिल्या.

शेवटच्या कडव्याला मास्तरांनी ऑर्गन धरला. सूर तंतोतंत जुळला.

बेकरीवाल्याने आनंदाने डोळे मिटले. ताईंच्या काळजात चर्र झालं. पण खरं सांगायचं तर त्यांना आनंदही झाला, आणि तो इतका की कुठे ठेवावा ते कळेना.

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. “शेवटचं पुन्हा!” कुणीतरी ओरडलं.

मास्तर ताईंजवळ आले. हळूच म्हणाले, “ताई, तुम्ही गात नव्हतात.”

“नव्हते. उतरवत होते ती मीच. बेकरीवाल्यांना सांगा, सिगरेट उगाच सोडली म्हणावं.”

“आपण काहीतरी मार्ग काढू, ताई. जागा बदलून बघू...”

“मास्तर, ऐकलंत ना कसं झालं ते?”

मास्तरांना मान डोलवावीच लागली. त्यांचे डोळे भरून आले होते.

ताई पायऱ्या उतरून पहिल्या रांगेत गेल्या. यजमान गडबडून अर्धवट उठले. “अगं, काय झालं? बरं वाटत नाही का? ते पुन्हा गाणार आहेत ना?”

“हो,” ताई म्हणाल्या. “सरका जरा. मला ऐकायचंय.”