उभ्या गाडीची थरथर

ह्यांचा उजवा हात थरथरतो हे मी बरेच दिवस बघत होते आणि हे तितकेच दिवस लपवत होते. चहाचा कप डाव्या हातात, उजवा खिशात. विचारलं की म्हणायचे, "गार वारा आहे." घामाच्या धारा लागलेल्या असायच्या, तरी ह्यांचा आपला गार वारा. ज्याचं घर हातावर चालतं त्याला हाताबद्दल खोदून विचारायचं तरी कसं? सकाळचं नामस्मरण आटोपल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. अलीकडे त्या नामातही तो हातच डोळ्यांपुढे यायचा.

त्या दिवशी सिस्टर गाडी घेऊन आल्या. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी, इंजेक्शनं करतात, त्या. आमच्या गॅरेजच्या दारातच गाडी दोनदा बंद पडली.

"मिस्त्री, तुमच्या ह्या लाडकीला काय झालंय बघा. धावते झकास. रेस दिली की नाव ठेवायला जागा नाही. पण सिग्नलला उभी राहिली की हीव भरल्यासारखी कापते."

"उभ्यावरच मिसिंग? ठोका चुकतो?"

"उभ्यावरच."

"मग घाबरू नका. पेशंट कुरकुरतोय तोवर जिवंत आहे, तुम्हीच म्हणता ना?"

हाताखालचा माणूस सोडून गेल्यापासून रेसवर पाय ठेवायला मीच बसते. बसले, चावी फिरवली. चार ठोक्यांतला एक गळत होता. मनातल्या नामाची लय इंजिनाच्या ठोक्यांवर चालायची मला सवयच झाली आहे. आज ते नाम सारखं ठेचकाळत होतं.

बॉनेटच्या फटीतून मला ह्यांचे हात तेवढे दिसत होते. ह्यांनी ठिणगी देणाऱ्या एकेका कॉइलची वायर काढून बघितली. पहिली काढली, इंजिन आणखी अडखळलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली तर इंजिनाला पत्ताच नाही.

"तीन नंबर झोपलाय," हे म्हणाले. मग तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवली. "आता दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल वाईट. जागेवर राहिला तर भानगड वेगळी."

दोष जागेवरच राहिला. मग प्लगांची अदलाबदल. तरी तिसराच झोपलेला.

"दुरुस्ती करताय की संगीत खुर्ची खेळताय?" सिस्टर म्हणाल्या.

पाना धरलेला हात अगदी स्थिर होता. बारीकसा स्क्रूसुद्धा एका फटक्यात जागेवर. माझा जीव जरा भांड्यात पडला. तेवढ्यात ह्यांनी पाना ठेवला, विचार करत हात गाडीच्या कडेवर टेकवला, आणि वात वळावी तसा अंगठा बोटावर फिरायला लागला. त्याचा तोच. ह्यांनी हात खिशात घातला.

"रेसवर बरं आणि उभ्यावर वाईट, म्हणजे बया कुठून तरी चोरून हवा घेतेय," हे म्हणाले. "धावताना तेवढी चोरी खपून जाते."

ह्यांनी तिसऱ्या नंबराच्या आसपास थोडा थोडा स्प्रे मारला. एका रबरी पाइपाच्या वळणाशी मारला तसा इंजिनाचा सूर बदलला. पाइप काढून उलटा केला, तर खालच्या अंगाला चीर. नवा पाइप घातला, क्लिप आवळली. मी चावी फिरवली आणि इंजिन शांत चालू लागलं. माझ्यासमोरचा इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चित्रात काढल्यासारखा एका जागी.

"जिंकलात!" सिस्टरांनी टाळी वाजवली.

ह्यांनी उजवा तळवा इंजिनावर ठेवला. "नाही. अजून आहे."

"मला तर काहीच ऐकू येत नाही."

"ऐकू यायचं नाही. हाताला लागतंय."

परत कॉइल काढल्या, परत बसवल्या. क्लिप परत आवळली. तळवा ठेवला, मान हलवली. माझ्यासमोर काटा तसूभर हलत नव्हता. ज्यांनी रात्र रात्र आजाऱ्यांच्या उशाशी काढली असेल, त्या बाईच्या गाडीतच खोट निघू दे, असं मी देवाला विनवलं. कुणाचं वाईट चिंतायचं नाही हा माझा रोजचा नेम. तो त्या सीटवर बसल्या बसल्या मोडला.

"अगं, इकडे ये. तू हात ठेव."

मी उतरून हात ठेवला. इंजिन कोमट होतं, निजलेल्या लेकराच्या पाठीसारखं संथ. शेजारीच ह्यांचा हात होता. ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग उजवा उचलला आणि त्याच जागी डावा ठेवला. बराच वेळ. परत उजवा. परत डावा.

"दोष हाताबरोबर सरकतोय," हे हळूच म्हणाले.

सिस्टरांनी स्वतः जाऊन इंजिन बंद केलं. "काम करताना कापतो?"

"नाही."

"मग कधी?"

"मोकळा असला की. नुसता ठेवला की..." हे थांबले. "उभ्यावर," म्हणाले, आणि हसायला गेले ते जमलं नाही.

सिस्टर हसल्या नाहीत. "मी डॉक्टर नाही, मिस्त्री. आजाराचं नाव मी घेणार नाही. पण मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. ते आज बसतात आणि मी तिकडेच निघालेय."

"पाइप बदलून भागेल का?"

"ते मला नाही सांगता येणार. औषधं असतात. जितकं लवकर तितकं बरं."

"दुपारी एक गाडी यायची आहे."

"येईल आणि थांबेल," मी म्हणाले. माझा आवाज एवढा चढतो हे मलाही ठाऊक नव्हतं. हे बघतच राहिले.

"अगं, पण कपडे बघ. सगळं ऑइल."

"डॉक्टर काय कपडे तपासणार आहेत? बसा," सिस्टर म्हणाल्या.

मी शटर ओढलं. कुलूप रोज हेच लावतात. आज ह्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे धरला, डाव्या हातानं.

"ओढून बघ नीट लागलं का."

मी दोनदा ओढून बघितलं. मागे गाडी चालू झाली होती आणि न अडखळता उभी होती. हे मागच्या सीटवर जाऊन बसले होते, उजव्या बाजूला माझ्यासाठी जागा ठेवून.