दुसऱ्या थरातली पाठवणी

धोत्रे सरांची मुलगी सासरी जाता जाता लग्नाच्या व्हिडिओ डिस्कच्या दुसऱ्या थरावरून वळली आणि माहेरच्या दारात उतरली.

तसं काही झालं नाही. झालं एवढंच, की मंगळवारी सकाळी अकरा वाजता सर जयसिंगपुरातल्या मगदूम व्हिडिओत शिरले, तेव्हा लग्नातून कापलेली माणसं बाकावर बसली होती. पंगतीतले तिघे, एक झोपलेले काका, आणि टोकाला सरांची थोरली बहीण शांताक्का, हातात कागद धरून.

"तीन आठवडे झाले, विसू," अक्का म्हणाली. "माझं मंगलाष्टक कापलं या बाईनं. चहा वेळेवर देते, नाही म्हणणार नाही. पण कापलं."

"चार मिनिटांचं होतं ओ, अक्का," शालनताई मगदूम पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "वर प्रत्येक भाच्याचं नाव."

"मग? भाचे काय भाड्यानं आणले होते?"

शालनताईंनी एक चित्र मागं सरकवलं. त्या कामात असल्या की त्यांच्याकडे बघत राहावं, असं सरांना वाटे. चाळीस वर्षं फळ्यावर भूमिती शिकवलेल्या माणसाला नेमकेपणाची किंमत कळते. ही बाई एका सेकंदाचे पंचवीस तुकडे करायची आणि त्यातला कुठला तुकडा थकलाय, ते बोटानं सांगायची.

"बसा, सर. आज फायनल काढू. लग्न एका थरात मावत नाही, दोन लागतात. पहिला थर मशीन आतून बाहेर वाचतं. दुसरा बाहेरून आत."

"म्हणजे दुसऱ्या थरातली माणसं..."

"परत येतात."

सर खुर्चीच्या कडेवर बसले. लेक कालिंदी सासरी नांदेडला गेल्यापासून ते रोज सकाळी दोन कप चहा करत आणि दुसरा कप दुपारी बेसिनमध्ये ओतत.

"पाठवणी दुसऱ्या थरात घ्या," ते म्हणाले.

"घेतलीच आहे. गाडी निघेल, पण आत येईल. आता दोन थरांचा सांधा कुठं द्यायचा तेवढं बघायचं. तिथं अर्धा सेकंद सगळं थांबतं. त्यात जे दिसेल ते थांबतं ते थांबतंच. गेल्या साली एका मुंजीत सांधा लाडवावर आला. मुलाच्या मामांचा हात अजून तसाच आहे. लाडू बदलतात अधूनमधून."

त्यांनी अख्खं लग्न बोटाखालून सरकवलं. हळद, सीमांतपूजन, रुसलेला वरपिता. सगळीकडे कुणी ना कुणी होतं. मग शेवटच्या 'सावधान'शी त्या थबकल्या. पडदाभर नुसता पांढरा अंतरपाट. अलीकडे कुणी नाही, पलीकडे कुणी नाही. हवेत थोड्या अक्षता.

"वा!" सर उभेच राहिले. "शालनताई, वा!"

"थांबा. पहिला थर दुसऱ्यापेक्षा लहान चालत नाही." त्यांनी आकडे पाहिले. "चार मिनिटं कमी पडतात."

 मग सगळे हळूहळू बाकाच्या टोकाकडे वळले.

"आता माझी आठवण झाली का?" अक्का पदर खोचत उठली. जाताना झोपलेल्या काकांना तिनं कोपरानं ढोसलं. "चष्मा धर, विसू. तोंडपाठ आहे मला." आणि ती पडद्यात शिरून गुरुजींशेजारी उभी राहिली. कागद मात्र तिनं उघडलाच. तिनं सगळे भाचे घेतले, एकदा चुकून एकाला दोनदा घेतलं. बरोबर चार मिनिटं भरली. शालनताईंनी कानाला हात लावला. आदरानं की कसं, ते कळलं नाही.

बटण दाबलं गेलं. मशीन घुमू लागलं आणि खोली आतून बाहेर लांबत गेली. मांडव येऊन भिंतींना चिकटला. शेवटचं 'सावधान' झालं आणि अक्षता हवेत थांबल्या. समोर अंतरपाट होता. एक टोक मॉनिटरमध्ये गेलेलं, दुसरं सरांच्या डाव्या हातात.

"हे काय?"

शालनताईंनी ते चित्र मोठं केलं. खालच्या कोपऱ्यात चार बोटं होती. लग्नात अंतरपाट धरणारा भाचा ऐन वेळी फोन घ्यायला बाहेर गेला होता आणि टोक सरांनी धरलं होतं.

"तोंडं बघितली मी," त्या पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या. "बोटं नाही बघितली."

"सांधा मात्र दिसत नाही हं कुठं," सर म्हणाले. "असं काम मी पाहिलं नाही."

कापडापलीकडे लांबवर गाडीचा हॉर्न वाजला. मग जरा जवळ.

सरांनी बोटं सोडवून पाहिली, सुटेनात. टाचा उंचावल्या. अंतरपाटही तेवढाच उंचावला.

"डिस्क पुन्हा उघडता येते का?"

"फायनल झाली, सर."

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. पलीकडून कुणीतरी "बाबा?" म्हणालं.

"शालनताई, कागद घ्या," सर म्हणाले. "लिहा. प्रति, माननीय मुख्याधिकारी साहेब, नगरपरिषद, जयसिंगपूर. विषय: अंतरपाट खाली घेण्याबाबत. महोदय, मी खाली सही करणार, विश्वंभर गणेश धोत्रे, सेवानिवृत्त शिक्षक, डावा हात व्यस्त, विनंती करतो की उपरोक्त लग्नातील अर्धा सेकंद आपल्या अधिकारात पुढे सरकवण्यात यावा, आणि तोपर्यंत चहाचा दुसरा कप बेसिनमध्ये ओतू नये, असे संबंधितांस कळवावे."