चौदा नंबरचं झाकण

आपली चूक तशीच्या तशी सापडावी, असं करुणाला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. शेळगावच्या माळावर तिनं पुरलेला चौदा नंबरचा प्लास्टिकचा पेला उघडाच असावा, आणि त्यात सहा महिन्यांचे मेलेले किडे काठोकाठ भरलेले असावेत. तसं झालं, तर तिच्या माथी फक्त किड्यांचं पाप येत होतं.

ती बारामतीच्या एका कॉलेजात किड्यांवर संशोधन करत होती. मोकळा माळ, झाडं लावलेला पट्टा आणि उसाची कड, अशा तीन ठिकाणी मिळून तिनं वीस पेले जमिनीच्या बरोबरीनं पुरले होते. चालता चालता किडा आत पडायचा आणि गुळगुळीत भिंतीवरून त्याला वर येता यायचं नाही. आठवडाभरानं मोजणी करायची आणि पुढच्या हंगामापर्यंत प्रत्येक पेल्याला झाकण लावून यायचं. माळावरचे काळे भुंगेरे उसाकडे फिरकतही नव्हते, आणि मृगात जिकडेतिकडे दिसणारे लाल मखमली किडे मार्चमध्ये औषधालाही मिळत नव्हते.

"उन्हाळ्यातली किडं आन् पावसाळ्यातली किडं एकमेकांस्नी वळखत बी न्हाईत," जोतीराम आप्पा म्हणायचे. करुणाच्या सरांना एवढंच सांगायला चाळीस पानं लागली असती.

आप्पांचा जन्म त्या माळावर मेंढरं राखण्यात गेलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं होतं. "बिऱ्हाड उठलं की आमी खुट्ट्याचं भोकसुद्धा बुजवून जातो. कोकराचा पाय जातो त्यात. उघडं भोक ठेवून जायाचं न्हाय, पोरी."

आणि हिनं नेमकं तेच केलं. मार्चमधल्या कामाचा शेवटचा दिवस होता. एसटी चुकू नये म्हणून बाईसाहेबांनी वहीत विसाच्या वीस खुणा आधीच करून टाकल्या आणि मग झाकणं लावत सुटल्या. होस्टेलवर सॅक रिकामी करताना एक झाकण खाली पडलं. त्यावर तिच्याच अक्षरात चौदा लिहिलेलं होतं. सरांना सांगावं, तर हंगामाची नोंद बाद होणार. ती गप्प बसली.

मग तो आवाज सुरू झाला. प्लास्टिकवर बारीक पाय खरवडल्याचा. मेसमध्ये जेवताना, वर्गात, भर दुपारी रस्त्यातसुद्धा. पाच आठवडे तिनं तो सोसला आणि एप्रिलमध्ये एका सकाळी अकराच्या सुमारास आप्पांना फोन केला.

"चौदा नंबर उघडा राहिलाय आप्पा. सवडीनं काहीतरी झाका त्यावर." सवडीनं, हे ती खरंच म्हणाली होती.

"झाकतो की," आप्पा म्हणाले.

आवाज बंद झाला. आठ दिवसांनी तिला कळलं, की त्याच दुपारी ऊन लागून आप्पा माळावरच वारले. त्या क्षणापासून खरवड पुन्हा सुरू झाली, ती आजतागायत. आप्पा मेंढरांमागं गेले होते की पेल्यामागं, हे कुणाला विचारायची तिची छाती झाली नाही.

आता सप्टेंबर होता. पेले उघडायला यावंच लागलं. वाटेत आप्पांच्या घरी त्यांच्या बायकोनं, ठमाबाईंनी, चहा दिला. फळीवर स्टीलचा एक गोल डबा होता, त्यावर ताटली पालथी घातलेली.

"त्येंच्याजवळ घावला," ठमाबाई म्हणाल्या. "माज्या लग्नातला हाय. झाकण काय घावलं न्हाय. भाकरी तशीच हुती आत, मुंग्या लागलेल्या."

करुणानं चहा संपवला आणि काही न विचारता उठली.

माळावर गवत गुडघ्याला लागत होतं. नाकतोड्यांच्या किरकिरीनं कान भरून गेले होते. एक ते तेरा पेले तिनं उघडले. चौदाकडे वळली तशी किरकिर एकदम थांबली. माणूस जवळ आलं की ते गप्प होतात, हे तिला पाठ होतं. तरी तिनं एकदा मागं वळून पाहिलं.

तिथं एक चपटा दगड होता. तिनं ठेवलेला नव्हता. ती देवाधर्माची नव्हती, पण दगड उचलताना ती मनात म्हणाली, उघडा असू दे. दगडाखाली स्टीलचं झाकण होतं. मातीनं माखलेलं, पण कोरलेली अक्षरं स्पष्ट वाचता येत होती: चि. सौ. कां. ठमाबाई हिस मामाकडून.

तिनं झाकण काढलं. आत मार्च-एप्रिलमधले वाळके भुंगेरे होते, सदतीस. पावसाळ्यातला एकही नव्हता.

"सवडीनं म्हणाले होते मी, आप्पा," ती मोठ्यानं म्हणाली.

झाकण सॅकमध्ये टाकलं असतं, तर कुणाला काही कळणार नव्हतं. एक झाकण तिनं लपवलंच होतं की! या विचाराची तिला इतकी शिसारी आली, की ती तशीच गावाकडे चालत सुटली.

ठमाबाईंनी झाकण हातात घेतलं. "कुठं घावलं गं?"

"माझ्या पेल्यावर. त्या दिवशी सकाळी मीच फोन केला होता, मावशी."

ठमाबाईंनी पदरानं अक्षरं पुसली. कितीतरी वेळ पुसत राहिल्या. मग डब्यावरची ताटली काढली आणि झाकण तळव्यानं दाबून बसवलं.

"डबा घिऊन निघालं," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, ऊन तरी उतरू द्या. तर म्हनलं, भोक उघडं ऱ्हायलंय, तवर घास उतरायचा न्हाय. कुठलं भोक, ते मी इचारलंच न्हाय."

मग त्यांनीच विचारलं,

"किती मेली हुती आत?"

"सदतीस."

"वहीत ल्हितीस न्हवं समदं? मग त्येंला बी धर त्यात."

करुणानं वही काढली. चौदापुढची मार्चमधली खूण खोडली आणि ठमाबाईंच्या देखत लिहिलं: उघडा राहिला. सदतीस किडे आणि जोतीराम आप्पा.