हाकेला ओ देऊ नका

मेहुण्याची कंबर नेमकी फुटबॉलच्या ऐन मोसमात धरावी, हे विमा-तपासनिसाच्या काही पचनी पडेना. जन्मभर लोकांच्या मोडलेल्या हातापायांत खोट शोधलेला माणूस तो.

"कंबर धरलेला माणूस असा पाय हलवत बसतो होय?" त्याने बायकोला विचारलं.

"माझ्या भावाला दुखतंय म्हणजे दुखतंय. तो बरा होईपर्यंत मुलींच्या संघाचे कोच तुम्ही. आपली मुंगीही आहेच की त्यात."

मुंगी म्हणजे त्यांची धाकटी.

फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण पहिल्याच सामन्यात त्याने लबाडी हेरली. समोरच्या मुली "इकडे दे, इकडे!" म्हणून ओरडायच्या आणि आपल्या भोळ्या पोरी चेंडू सरळ त्यांच्या हवाली करायच्या. मग सराव एकाच गोष्टीचा. "हाक मारेल तिला चेंडू द्यायचा नाही. गोड बोलेल तिला तर मुळीच नाही!"

संघ हरायचा थांबला. जिंकायला मात्र लागला नाही. तपासनिसाच्या लेखी हा नफाच.

तोटा सगळा मुंगीच्या वाट्याला. गोलसमोर मोकळी उभी राहून ती घसा फोडायची आणि कोणी ढुंकून बघायचं नाही. शेवटच्या सामन्याआधी बुटाच्या नाड्या बांधताना ती म्हणाली, "बाबा, आज चेंडू मिळाला नाही तर मी खेळ सोडणार."

त्याने तिला निरखून पाहिलं. धमकी खोटी वाटेना.

सामना संपत आला. मुंगी पुन्हा मोकळी. "इकडे!"

चेंडू संघातल्याच एका वेणीवालीकडे होता. तिने त्यावर पाय ठेवला, हाकेच्या दिशेने संशयाने पाहिलं आणि पाठ फिरवली.

"अगं, दे तिला!" तपासनीस मैदानाच्या कडेवरून ओरडला.

"काका, हाक मारणाऱ्याचं ऐकायचं नाही, तुम्हीच म्हणालात ना?"

"मी कोच आहे!"

"तसं काय, कोणीही म्हणेल."

समोरच्या मुलीही थांबून ऐकू लागल्या. कडेला बसलेला मेहुणा हसता हसता कळवळला; कंबर खरीच धरली होती. पण ते तपासायला तपासनिसाला सवड कुठली!

मुंगीने हाका बंद केल्या. धावत आली, आपल्याच वेणीवालीच्या पायाखालून चेंडू काढला आणि वळून थेट जाळ्यात धाडला.

तपासनीस पंचाकडे धावला. "आपल्याच खेळाडूचा चेंडू पळवलेला चालतो? नियमात बसतं हे?"

"बाबा! गोल माझा आहे!"

"चालतो हो," पंच म्हणाला.

"नक्की ना?"

मुंगीने कपाळावर हात मारला. "पुढच्या मोसमात कोच मामाच."

"आणि तू?" त्याने हळूच विचारलं.

"मी खेळणार. चेंडू कसा मिळवायचा ते कळलंय आता."